वैध प्रत हातात असू दे, मग अभ्यासाला भरपूर जागा आहे

प्रश्न : "सर, मी मुंबईत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या चौघांच्या ग्रुपने प्रोजेक्टसाठी छोटा मालवेअर स्कॅनर (व्हायरससारखे घातक प्रोग्रॅम शोधणारा) घेतलाय. दुसऱ्या अँटिव्हायरसच्या सिग्नेचर, म्हणजे व्हायरस ओळखायच्या खुणा, उचलल्या तर चालतं का? गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) टाकलेला कोड सगळ्यांसाठीच असतो ना? महागडी टूल्स क्रॅक करून फक्त शिकण्यापुरती वापरली तर गुन्हा होतो का? आणि रिव्हर्स इंजिनिअरिंग भारतात बेकायदेशीर आहे असं एक सिनियर म्हणाला, ते खरं का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणजे तयार प्रोग्रॅम उलगडून तो आतून कसा चालतो ते पाहणं. तुझा सिनियर म्हणाला ते बरोबर नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमला 'साहित्यकृती' धरलंय. म्हणजे कादंबरी आणि सी भाषेत लिहिलेला स्कॅनर कायद्याच्या एकाच रकान्यात बसतात. प्रत काढण्याचा आणि रूपांतर करण्याचा हक्क मालकाचा. डिसअसेंब्लरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम उलगडून दाखवणाऱ्या टूलमध्ये, तो उघडला की त्याची प्रत मेमरीत आणि डिस्कवर बनतेच, मग ते उल्लंघन झालं का, अशी शंका येणं साहजिक आहे. तिचं उत्तर कलम ५२ मध्ये आहे, आणि ते तुम्हा विद्यार्थ्यांना कोणी वाचायला देत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

या कलमात प्रोग्रॅमसाठी चार वेगळ्या सवलती आहेत. उपकलम एए : ज्या कामासाठी प्रोग्रॅम मिळाला त्या कामासाठी लागणारी प्रत आणि बॅकअप. एबी : तू स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून चालवायला लागणारी माहिती काढणं, ती दुसरीकडे सहज मिळत नसेल तर. एसी : प्रोग्रॅम कसा चालतो हे पाहणं, अभ्यासणं, तपासणं, त्यामागच्या कल्पना आणि तत्त्वं समजून घेण्यासाठी. एडी : स्वतःच्या, बिगर-व्यावसायिक वापरासाठी प्रत किंवा रूपांतर. तुझ्या प्रोजेक्टसाठी एसी सगळ्यात महत्त्वाचं. 'ऑब्झर्वेशन, स्टडी ऑर टेस्ट' हे शब्द कायद्यातच आहेत.

आता या चारही सवलतींची भाषा बारकाईने वाच. कुठे 'कायदेशीर ताबा असलेली व्यक्ती', कुठे 'स्वतः कायदेशीरपणे मिळवलेली प्रत', कुठे 'ज्या कामासाठी प्रोग्रॅम पुरवला गेला'. दार एकच आहे : प्रत वैध हवी. ती वैध असेल तर कायदा तुला अभ्यासाला जितकी जागा देतो ती तुला वाटते त्याहून मोठी आहे. नसेल तर या सवलती मागायलाच तुला तोंड राहत नाही.

एक गुंता सांगून ठेवतो. बहुतेक कंपन्यांच्या करारात 'रिव्हर्स इंजिनिअरिंग करणार नाही' असं कलम असतं आणि आपण न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबतो. कॉपीराइटचा भंग आणि कराराचा भंग या दोन वेगळ्या गोष्टी. युरोपात १९९१ च्या सॉफ्टवेअर निर्देशापासून कायद्याने दिलेला अभ्यासाचा हक्क काढून घेणारं कराराचं कलम रद्द ठरतं. आपल्या कलम ५२ मध्ये तसं स्पष्ट वाक्य नाही. म्हणून कॉलेजच्या प्रोजेक्टला अशी भानगड अंगावर घेऊ नको. ज्यांच्या परवान्यात ही मनाई नाही असे प्रोग्रॅम ढिगाने आहेत, त्यांच्यावर हात बसव.

क्रॅक केलेल्या टूल्सबद्दल

कलम ६३बी : प्रत बेकायदेशीर आहे हे माहीत असून प्रोग्रॅम वापरला तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी किंवा कमाईसाठी वापर नसेल तर कोर्ट कारणं नोंदवून कैद माफ करू शकतं आणि ५० हजारांपर्यंतचा दंड लावू शकतं. म्हणजे 'फक्त शिकण्यापुरतं' म्हटल्याने शिक्षा हलकी होऊ शकते, गुन्हा पुसला जात नाही.

पण खरं सांगायचं तर तुझ्यासारखीला मी कायद्याच्या आधी दुसरी भीती घालतो. मी या धंद्यात आलो तेव्हा ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जायचं आणि फूटपाथवरून मार्करने नाव लिहिलेल्या सीडी आणायच्या, ही आमच्या पिढीची शाळाच होती. त्या सीडीत सॉफ्टवेअर असायचं, परवान्याची खोटी किल्ली बनवणारा छोटा प्रोग्रॅम असायचा आणि एक टेक्स्ट फाइल. त्या फाइलमधली पहिली सूचना ठरलेली : चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम, तोही अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, आणि पहारेकऱ्याला रजेवर पाठवून. सुरक्षा शिकणाऱ्याने यात काय चुकतंय हे ओळखलं नाही तर कोणी ओळखायचं?

पुढे काही वर्षांनी मस्जिद बंदरच्या एका पेढीवर मला बोलावलं होतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर कोणीतरी क्रॅक करून टाकून दिलेलं. सोमवारी सकाळी मशीन उघडली तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक अनोळखी शेपूट चिकटलेलं आणि डेस्कटॉपवर पैशांची मागणी. बॅकअप होता, पण त्याचा पेनड्राइव्ह त्याच मशीनला लावलेला, त्यामुळे तोही गेला. शेठ काही बोलले नाहीत. त्यांनी माळ्यावरून बिलांच्या जुन्या फाइली उतरवल्या, आणि पुढचे तीन महिने दोन मुली खाली चटईवर बसून पिवळी पडलेली बिलं एकेक करून पुन्हा चढवत होत्या. बचावलेल्या पैशांचा विषय निघाला की मला त्या दोघींची बोटं आठवतात.

आज तर क्रॅकची गरजही उरलेली नाही. घिड्रा घे : अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने मार्च २०१९ मध्ये हे रिव्हर्स इंजिनिअरिंगचं टूल सगळ्यांसाठी खुलं केलं, परवाना अपाची २.०. नेटवर्कवरचं ट्रॅफिक दाखवणारं वायरशार्क जीपीएल या खुल्या परवान्याखाली आहे. सुरक्षेची टूल्स भरलेलं काली लिनक्स फुकट डाउनलोड होतं. वेबसाइट तपासणाऱ्या बर्पची कम्युनिटी आवृत्ती शिकायला पुरते. काही कंपन्या विद्यार्थ्यांना स्वस्तात परवाना देतात, कॉलेजच्या मेलवरून विचारून बघ.

कुलूप तोडणं आणि अमेरिकन लेख

क्रॅकला जोडूनच आणखी एक कलम येतं, ६५ए. २०१२ च्या दुरुस्तीने ते आलं. कॉपीराइटचं रक्षण करायला लावलेलं तांत्रिक कुलूप, हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यातला 'हेतूने' हा शब्द अधोरेखित कर. शिवाय अपवाद दिलेत : कायदेशीर मिळवलेल्या एन्क्रिप्टेड (सांकेतिक रूपात बंद केलेल्या) प्रतीवर एन्क्रिप्शनचं संशोधन, मालकाच्या किंवा चालकाच्या परवानगीने सिस्टिमची सुरक्षा तपासणं, कायदेशीर तपास.

तू इंटरनेटवर जे वाचतेस ते बहुतेक १९९८ च्या अमेरिकन डीएमसीए या कॉपीराइट कायद्याबद्दल असतं. तिथे कुलूप तोडणं हाच मुळात प्रश्न होतो, मागे हक्कभंग असो वा नसो. सुरक्षा संशोधकांसाठी कायद्यातली जुनी सवलत फार अरुंद ठरली, म्हणून दर तीन वर्षांनी नव्याने अपवाद मागावे लागतात. सद्भावनेने केलेल्या सुरक्षा संशोधनाचा रुंद अपवाद तिथे २०१६ मध्ये लागू झाला. तो लेख वाचून मुंबईत बसून घाबरणं किंवा निर्धास्त होणं, दोन्ही चूक.

सुरक्षा आणि कॉपीराइट हे दोन वेगळे पेपर आहेत असं वाटत असेल तर २००५ सालचा सोनी बीएमजीचा प्रकार नीट वाच. गाण्यांच्या सीडीची नक्कल होऊ नये म्हणून त्यांनी सीडीत एक सॉफ्टवेअर घातलं होतं. सीडी विंडोजमध्ये लावली की ते बसायचं आणि रूटकिटसारखं स्वतःला लपवायचं. युक्ती अशी : नावाच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह, मग 'एसवायएस' आणि पुन्हा डॉलरचं चिन्ह असलेली कोणतीही फाइल विंडोजला दिसायचीच नाही. मग कुठल्याही व्हायरसने आपल्या फाइलला तसं नाव दिलं की तोही आयताच अदृश्य, आणि तसं करणारे निघालेही. विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच आपलंच रूटकिट शोधायचं टूल तपासत असताना त्यांना हे स्वतःच्या मशीनवर सापडलं. ३१ ऑक्टोबरला त्यांनी ते जाहीर केलं आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. एका माणसाने आपल्या मशीनवर, आपण विकत घेतलेल्या सीडीत काय आहे ते उघडून पाहिलं म्हणून हे बाहेर आलं. अभ्यासाची सवलत कायद्यात का हवी, हे यापेक्षा चांगलं मला समजावता येणार नाही.

त्याच्याही मागे जायचं तर पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो तो ब्रेन, १९८६ चा, लाहोरच्या दोन भावांचा. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरची चोरी थांबवायला तो लिहिला, असं त्यांनी सांगितलं. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या पहिल्या भागात, तो बसायचा आणि त्यात दोघांची नावं, पत्ता, फोन नंबर आणि कॉपीराइटची खूण होती.

सिग्नेचर उचलणं

एखाद्या मालवेअर फाइलचा एसएचए-२५६ हॅश म्हणजे त्या फाइलवरून गणिताने निघणारा ६४ अक्षरी आकडा. तू काढ किंवा मी काढतो, तोच येणार. ती वस्तुस्थिती आहे, त्यात कोणाची निर्मिती नाही. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं : नुसते कष्ट पुरत नाहीत, थोडी तरी सर्जनशीलता लागते. म्हणून एकेका हॅशवर मालकी सांगणं कठीण.

पण अख्खा डेटाबेस ही वेगळी गोष्ट आहे. कायद्याने 'कॉम्प्युटर डेटाबेससह संकलनं' साहित्यकृतीत घेतलीत. कोणती फाइल धोकादायक, तिला कोणत्या कुळात घालायचं, चुकीचा इशारा जाऊ नये म्हणून पॅटर्न किती सैल वा घट्ट ठेवायचा, यात माणसांचं डोकं असतं. पुण्याच्या क्विक हीलचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. कैलास काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि धाकट्या भावाने, संजय काटकरांनी, अँटिव्हायरस लिहिला. अशा लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेलं एका स्क्रिप्टने ओढून आपल्या प्रोजेक्टवर आपलं नाव घालायचं, हे मला पटणार नाही. कॉपीराइट आणि करार, दोन्हीत अडकशील.

आणि ते लपतही नाही. २००९ मध्ये मालवेअरबाइट्सने आयओबिट या कंपनीवर डेटाबेस चोरल्याचा जाहीर आरोप केला. मालवेअरबाइट्सने म्हणे अस्तित्वातच नसलेल्या मालवेअरची खोटी नोंद आपल्या यादीत मुद्दाम घातली, त्याला जुळणारी निरुपद्रवी फाइल बनवली, आणि थोड्याच दिवसांत समोरच्याचं सॉफ्टवेअरही त्या फाइलला त्याच नावाने पकडू लागलं. आयओबिटने आरोप नाकारला. पण सापळ्याची पद्धत लक्षात ठेव, नकाशे छापणारेही न असलेली गल्ली घालून हेच करत आलेत.

तुमच्या प्रोजेक्टला यातलं काही लागत नाही. क्लॅमएव्ही या खुल्या अँटिव्हायरसचा डेटाबेस बघा, यारा नियम, म्हणजे मालवेअर ओळखायचे लिहिलेले पॅटर्न, बघा (प्रत्येक संग्रहाचा परवाना वेगळा असतो, तो वाचून), आणि वीसेक नियम स्वतः लिहा. परीक्षकाला त्या वीस नियमांबद्दलच विचारायचं असतं. डेमोसाठी जिवंत व्हायरस तर आणूच नका. आयकार नावाची चाचणी फाइल आहे, ६८ अक्षरांची एकच ओळ. नोटपॅडमध्ये टाइप करून सेव्ह दाबलंस की चालू अँटिव्हायरस तिच्यावर झडप घालतो आणि फाइल तुझ्यासमोर नाहीशी होते. कोणालाही इजा नाही. मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच करायला लावतो. आपणच टाइप केलेली ओळ मशीनने ओळखली हे पाहिल्यावर सिग्नेचर म्हणजे काय हे दोन तासांच्या लेक्चरपेक्षा जास्त कळतं.

गिटहबवरचा कोड

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबतो. दिसतो म्हणजे मोकळा, असं नाही. रेपॉझिटरीत, म्हणजे त्या कोडच्या फोल्डरमध्ये, परवान्याची फाइल नसेल तर सगळे हक्क लेखकाचे. कॉपीराइट मिळायला नोंदणी लागत नाही, कोड लिहिला त्या क्षणी तो लागू होतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. गिटहबच्या अटींनुसार सार्वजनिक कोड तिथल्या तिथे पाहता येतो, फोर्क करता येतो (आपल्या खात्यात त्याची प्रत घेता येते). आपल्या प्रोजेक्टमध्ये आणून वाटायचा असेल तर लेखकाला विचार. दोन ओळींचा मेल पुरतो, आणि बहुतेक जण आनंदाने परवाना घालतात.

परवाना एमआयटी, बीएसडी, अपाची असेल तर वापर, पण कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेव. जीपीएल असेल तर अट मोठी : त्यावर आधारलेला प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलास तर सोर्स कोड त्याच परवान्याखाली द्यायचा. क्लॅमएव्हीचं इंजिन जीपीएलची दुसरी आवृत्ती आहे. त्याची लायब्ररी आपल्या प्रोग्रॅमला जोडून तो वाटलात तर तुमचा सगळा प्रोग्रॅमच जीपीएलखाली येईल. कॉलेजच्या प्रोजेक्टला त्यात काही वाईट नाही, उलट चांगलंच. मात्र पुढे हाच स्कॅनर बंद ठेवून विकायचा विचार असेल तर तो निर्णय आज घ्या, सबमिशनच्या आदल्या रात्री नाही.

माझ्या हाताखाली एक हुशार मुलगा होता. दुसऱ्याकडून घेतलेल्या कोडच्या फाइलच्या डोक्यावरच्या वीस ओळी, ज्यात वर्ष, लेखकाचं नाव आणि परवाना असतो, त्या त्याने सरसकट उडवल्या आणि फंक्शनची नावं बदलली. दोन वर्षांनी आमची कंपनी दुसरी एक कंपनी विकत घेणार होती, तेव्हा कोडची तपासणी झाली. तपासणाऱ्याने बायनरीतून, म्हणजे तयार प्रोग्रॅममधून, नुसते मजकूर काढले. एका एरर मेसेजमध्ये 'रिसीव्ह'चं स्पेलिंग चुकलेलं होतं, आणि तीच चूक, तोच मेसेज एका जुन्या जीपीएल प्रोजेक्टमध्ये होता. व्यवहार चार महिने लांबला आणि तो भाग नव्याने लिहावा लागला. त्या मुलाला चोरी करायची नव्हती, त्याला त्या ओळी म्हणजे पसारा वाटल्या होत्या. पण कायद्याच्या नजरेत लेखकाचं नाव आणि अटी जाणूनबुजून काढणं हे कलम ६५बी खाली येऊ शकतं, शिक्षा २ वर्षांपर्यंत. त्याला हे कोणी शिकवलंच नव्हतं, आणि त्यात माझीही जबाबदारी होती.

कल्पना मात्र मोकळ्या आहेत. १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात, एक नाटक आणि एका सिनेमाच्या वादात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कॉपीराइट कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो. दुसऱ्याचा स्कॅनर संशयास्पद फाइल कशी ओळखतो हे समजून घे, कागदावर आपल्या शब्दांत लिही, त्याची फाइल बंद कर आणि मग कोड लिहायला बस.

कॉपीराइटबाहेरची रेघ

वैध टूल हातात आहे म्हणून दुसऱ्याच्या मशीनवर चालवता येत नाही. २००० चा आयटी कायदा, कलम ४३ : मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टिममध्ये शिरणं, डेटा उतरवणं. तेच लबाडीने केलं तर कलम ६६, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कॉलेजच्या सर्व्हरवर स्कॅनर सोडायचा असेल तर एचओडींचा मेल घे, त्यात कोणती मशीन आणि कोणत्या तारखा हे लिहिलेलं असू दे. तोंडी 'कर गं' चालत नाही. मुंबई सेंट्रलला २०१६ मध्ये रेल्वेचं फुकट वायफाय सुरू झालं, पाठोपाठ इतर स्टेशनांवरही आलं, आणि तेव्हापासून 'प्लॅटफॉर्मवर बसून लोकांचं ट्रॅफिक पाहिलं' असं अभिमानाने सांगणारा एखादा तरी विद्यार्थी मला दरवर्षी भेटतो. ते करू नको. घरच्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारे आभासी कॉम्प्युटर) बसव, एकमेकांना जोड, आणि तिथे हवं ते पाह.

राहिला तुमचा स्वतःचा हक्क, जो तू विचारला नाहीस. तुम्ही कॉलेजचे नोकर नाही, त्यामुळे कोड तुम्ही लिहिलात तर पहिले मालक सहसा तुम्ही. इंटर्नशिपची गोष्ट वेगळी. नोकरीच्या करारात लिहिलेल्या कोडची पहिली मालक कंपनी असते, आणि ऑफर लेटरमध्ये तसं आणखी काही लिहिलेलं असतं. चौघांपैकी कोणी काय लिहिलं हे गिटच्या (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या टूलच्या) नोंदींत स्वच्छ राहू दे, एकाच्याच लॉगिनवरून सगळं चढवू नका. नोंदणी ऐच्छिक आहे, पण करायची ठरवलीत तर सोर्स कोडची किमान पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यावी लागतात, त्यातला कोणताही भाग न झाकता. आणि प्रोजेक्ट मंजुरीच्या वेळी कॉलेजने जो फॉर्म सही करून घेतला, तो काढून बघ. त्यात हक्क कॉलेजला लिहून दिलेत का ते पहिल्यांदा वाच. तो फॉर्म आणि तुम्ही घेतलेल्या लायब्ररींची यादी, प्रत्येकीपुढे परवाना लिहून, पाठवलीस तर पुढचं बघून सांगतो.